आकाशातील खरखर

रेडिओचा काटा दोन केंद्रांच्या मध्ये अडकला म्हणजे जी खरखर ऐकू येते, ती ऐकण्यासाठी कोणी रेडिओ विकत घेत नाही. गाणे लागेपर्यंत ती सोसावयाची आणि गाणे लागले की विसरावयाची, असाच आपणा सर्वांचा परिपाठ आहे. गिरगावातून ट्राम धावत होती त्या काळी, म्हणजे १९६४ पूर्वी, ज्यांनी चाळीतल्या खोलीत बसून गाणे ऐकले असेल त्यांस तर या उपद्रवाची चांगलीच ओळख असेल. वरच्या तारेशी ट्रामची ठिणगी उडावी आणि इकडे गवयाच्या ऐन तानेवर कडकडाट व्हावा, हा नित्याचा अनुभव होता. आज ट्रामचे काम शेजारच्या घरातला मिक्सर करतो, एवढाच फरक.

श्रोतेहो, आज मी ज्या मंडळींविषयी बोलणार आहे त्यांचा सारा व्यवसाय या खरखरीचा आहे. आपण गाण्यासाठी खरखर टाळतो. ते खरखरीसाठी गाणे टाळतात. माणसाने केलेले सर्व ध्वनिक्षेपण, सर्व ठिणग्या, सर्व टेलिफोन बाजूस सारल्यावर मागे जी खरखर उरते ती येते कोठून, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. आणि त्याचे उत्तर असे की, ती आकाशातून येते.

हे प्रथम ज्याच्या ध्यानी आले तो ज्योतिषी नव्हता. कार्ल जान्स्की हा अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला एक तरुण इंजिनिअर होता. अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संभाषण चाले, त्यात खरखर फार येई. तिचे मूळ शोधावे म्हणून कंपनीने त्यास नेमले. त्याने लाकूड आणि पितळेच्या नळ्या यांचा एक लांबलचक सांगाडा उभारला, त्यास फोर्ड मोटारीची चार चाके लावली, आणि तो रहाटगाडग्यासारखा सावकाश फिरत ठेवला. जवळच्या वादळांची खरखर निराळी निघाली, दूरच्या वादळांची निराळी. परंतु तिसरी एक मंद सुसकार होती, ती कशातच बसेना. प्रथम त्यास वाटले, ही सूर्याची असावी. पण ती सूर्याबरोबर उगवेना. दररोज सुमारे चार मिनिटे ती आधी येऊ लागली.

ज्या घरात पंचांग पाहिले जाते तेथे या चार मिनिटांचा अर्थ सांगावयास नको. नक्षत्रे दररोज चार मिनिटे आधी उगवतात. म्हणूनच मृग नक्षत्र एका ऋतूत पहाटे दिसते तर दुसऱ्यात संध्याकाळी. जान्स्कीची सुसकार सूर्याची नसून तारांगणाची होती. ती धनु राशीच्या बाजूने, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. हे त्याने १९३३ साली जाहीर केले. कंपनीला संभाषणातील अडचण कळली, तेवढ्याने तिचे समाधान झाले. ज्योतिषी मंडळींनीही पुष्कळ वर्षे या बातमीकडे फारसे लक्ष दिले नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो चांगल्या शिकलेल्या घरांतूनही आढळतो. रेडिओ दुर्बीण आकाश ‘ऐकते’ असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. पण तिला कान नाहीत. रेडिओच्या लहरी या प्रकाशाच्याच जातीच्या होत. त्यांची लांबी तेवढी फार मोठी, काही सेंटिमीटरांपासून कित्येक मीटरांपर्यंत. म्हणून लालबागच्या गणपतीपुढे वाजणारे ढोलताशे दुर्बिणीच्या पायथ्याशी आणून वाजवले तरी तिला त्यांचा पत्ता लागणार नाही. मात्र त्याच मांडवावर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळेतील एखादी सैल जोडणी ठिणग्या टाकू लागली तर ती दुर्बिणीस आंधळी करून सोडील.

आंधळी करील हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. तारांगणातून येणाऱ्या या लहरी किती दुर्बल असतात याची कल्पना एका हिशेबाने येईल. आपल्या खिशातील मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला आणि तेथून तो बोलू लागला, तर त्याच्या लहरींच्या पट्ट्यात तो आकाशातील बहुतेक सर्व रेडिओ-ज्योतींहून प्रखर ठरेल. असा मोबाइल चंद्रावर नसून पलीकडच्या शेतात असला तर काय होईल, ते सांगण्याची आवश्यकता नाही. या शास्त्रात दुर्बीण बांधणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे काम म्हणजे शांत जागा मिळवणे आणि ती शांत राखणे. आपल्या मुंबईतील एका संस्थेचा इतिहास पाहिला तर तो या शांततेच्या मागे मागे केलेला एक प्रवासच वाटतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली प्रथम बंगलोरास निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत, पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. तेथून १९४९ साली ती अपोलो बंदराजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली, आणि १९६२ पासून कुलाब्याच्या टोकास, समुद्रालगतच्या आपल्या वास्तूत आहे. तिचे संस्थापक होमी भाभा यांस १९६१ साली चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांचे एक पत्र आले. चौघेही परदेशी रेडिओ-ज्योतिषाचे काम करीत होते, आणि स्वदेशात अशा कामाची सोय होत असेल तर परत येण्याची आमची इच्छा आहे, असा पत्राचा आशय होता. गोविंद स्वरूप, कृष्णन्, कुंडू व मेनन अशी त्यांची आडनावे. भाभांनी तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३ साली आले.

कुलाब्यास दुर्बीण उभारणे शक्य नव्हते. गोदी, आगबोटी, लष्करी छावण्या, विजेच्या गाड्या, सारे शहरच ठिणग्यांचे. म्हणून पहिली दुर्बीण १९६५ साली कल्याणजवळ उभी राहिली. सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या ओळीने मांडल्या होत्या. त्या मूळच्या ऑस्ट्रेलियातील, सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथल्या. तेथील काम संपल्यावर त्यांचे दिवस भरले होते. त्या भारतास भेट मिळाल्या, आणि कित्येक वर्षे दिल्लीत तशाच पडून होत्या. जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्रावर नवी गिरणी चालवावी, तसाच हा प्रकार होता. सूर्याच्या रेडिओ लहरींचे निरीक्षण त्यांच्या साहाय्याने झाले, आणि त्याहून महत्त्वाचे असे की, नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांचे हात त्या यंत्रावर तयार झाले.

पुढची दुर्बीण निलगिरीत, उटीजवळ. तेथे शांतता तर हवीच होती, पण त्या डोंगराचा उतारही हवा होता. उटीचे अक्षांश सुमारे ११ अंश. डोंगराची जी बाजू उत्तर-दक्षिण दिशेने बरोबर तितकीच उतरती असेल, तिजवर बसवलेला लांब आस पृथ्वीच्या आसास समांतर होतो. मग तो एकाच दिशेने सावकाश फिरवीत राहिले म्हणजे कोणतीही ज्योती तासन्तास दृष्टीत राहते. असा उतार शोधून काढून तेथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० साली सुरू झाली. दूरच्या ज्योतींचा आकार मापावयास तिने चंद्राचा उपयोग केला. चंद्राची कड ज्योतीवरून सरकते तेव्हा ती ज्योती एकदम विझते की हळूहळू, यावरून तिचा आकार कळतो. असे शेकडो ज्योतींचे मापन झाल्यावर दिसले की, अतिदूरच्या, म्हणजेच फार पूर्वीच्या, ज्योती जवळच्यांसारख्या नाहीत. विश्व पूर्वी आजच्यासारखे नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. विश्व सदासर्वदा सारखेच असते, या मताचे जगप्रसिद्ध पुरस्कर्ते फ्रेड हॉइल. त्यांचे शिष्य आणि सहकारी जयंत नारळीकर हे १९७२ पासून याच टाटा संस्थेत प्राध्यापक होते. १९७५ साली उटीचे आकडे त्यांच्या मताविरुद्ध प्रसिद्ध झाले, तेही त्यांच्याच संस्थेतून. मताचा आग्रह त्यांनी सोडला नाही आणि आकडे काढणाऱ्यांनी आकडे झाकले नाहीत. एका छपराखाली हे दोन्ही चालावे, ही त्या वास्तूच्या लौकिकास शोभणारीच गोष्ट होती.

आता आपण खोडदला जाऊ. दादरहून मोटारीने निघाले तर एक वाट कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर अशी नारायणगावास जाते. पहिल्या दुर्बिणीच्या गावावरून शेवटच्या दुर्बिणीकडे जाणारी ही वाट मला विशेष आवडते. जुन्नर तालुका द्राक्षांचा, टोमॅटोंचा आणि उसाचा. नारायणगाव तमाशाच्या फडांचे. घाट चढून गेल्यावर शेतांच्या वर एकाएकी प्रचंड वाट्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा तीस आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि उरलेल्या सोळा पूर्व, पश्चिम व दक्षिण अशा तीन बाहूंवर गावोगाव विखुरलेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर सुमारे २५ किलोमीटर.

जवळ गेल्यावर पहिले आश्चर्य वाटते ते हे की, वाटी भरीव नाही. तिच्यातून पलीकडचे आकाश दिसते. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारांची ती जाळी आहे, आणि भोके एक ते दोन सेंटिमीटरांची. लहर वीस सेंटिमीटरांपासून काही मीटरांपर्यंत लांब. तिला एवढ्या बारीक भोकांतून निसटता येत नाही. स्वयंपाकघरातल्या चाळणीतून पाणी जाते, तांदूळ राहतो, तसा हा न्याय आहे: वारा आरपार जातो आणि लहर परावर्तित होते. वारा जातो म्हणून सांगाडा हलका करता आला, सांगाडा हलका म्हणून खर्च आटोक्यात राहिला, आणि खर्च आटोक्यात राहिला म्हणून तीस तबकड्या झाल्या. ही युक्ती स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

तीस निरनिराळ्या वाट्यांची एक दुर्बीण कशी होते, हे समजण्यासाठी गिरगावच्या चौपाटीवर चला. पाण्यात दोन खांब रोवले आहेत असे समजा. लाट तिरपी आली तर एका खांबास आधी लागेल, दुसऱ्यास मागाहून. या मधल्या वेळेवरून लाट कोणत्या दिशेने आली ते काठावर बसून सांगता येईल. आणि खांब जितके दूर तितके ते अधिक अचूक सांगता येईल. खोडदला असे तीस खांब, म्हणजे ४३५ जोड्या आहेत. पृथ्वी फिरते तसतशा या जोड्या आकाशाच्या संदर्भात वळत जातात, आणि आठ-दहा तासांत एका चित्रास पुरेशी माहिती जमते. सर्व वाट्यांकडून ती काचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येते.

परळ-लालबागच्या घरांस पाळी म्हणजे काय ते सांगावयास नको. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तरी शब्द राहिला आहे. खोडदलाही पाळ्याच चालतात. या दुर्बिणीस रात्र लागत नाही. भर दुपारी आणि ढगांच्या दिवसांतही तिला तितकेच दिसते. नियंत्रणकक्षात पाळीवरचे चालक पडद्यांपुढे बसतात. एक निरीक्षण संपले की तीसही वाट्या नव्या दिशेस वळतात, आणि कामास आरंभ करण्यापूर्वी एखाद्या पूर्ण परिचित ज्योतीकडे पाहून सर्वांची वेळ व संवेदना जुळवून घेतली जाते. मैफलीत जसा अधूनमधून तंबोरा पुन्हा लावावा लागतो, तसे दर थोड्या वेळाने त्या ओळखीच्या ज्योतीकडे परतावे लागते. वारा फार वाढला तर वाट्या सरळ आभाळाकडे तोंड करून उभ्या करतात. मग वारा पडेपर्यंत कोणाचेच निरीक्षण होत नाही. दूरच्या बाहूवरची एखादी वाटी अडली तर रात्री-अपरात्री उसाच्या शेतांतून जावे लागते, आणि हा बिबट्यांचा मुलूख आहे. मी गेलो त्या रात्री मात्र घडले ते एवढेच की, एका वाटीची मोटर रुसली, कोणीतरी वहीत तशी नोंद केली, आणि उरलेल्या एकोणतीस वाट्यांवर काम चालू राहिले. मला काही चमत्कार पाहावयास मिळेल अशी आशा होती. पडद्यावर फक्त वेड्यावाकड्या रेषा होत्या.

चमत्कार मागाहून, पुष्कळ दिवसांच्या हिशेबानंतर दिसतात. २००४ साली जाहीर झालेला एक शोध असा: एका दूरच्या तारकागुच्छात, सेकंदास सुमारे दोनशे गिरक्या घेणारा एक स्पंदक, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गोळा, आपल्या जोडीदाराभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरताना सापडला. पुढे पुष्कळ स्पंदकांकडे वर्षानुवर्षे घड्याळासारखे पाहून, त्यांच्या ठोक्यांतील यत्किंचित चुकांवरून विश्वात गुरुत्वलहरींचा मंद झंकार भरला असावा, असा पुरावा २०२३ साली जगातील निरनिराळ्या गटांनी मांडला; त्यांत खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता.

माझ्या मते सर्वांत मोलाचा शोध २०२० सालचा आहे. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो, आणि तारे या वायूपासूनच बनतात. फार दूरच्या दीर्घिकांकडून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे ही लहर ताणली जाऊन दुप्पट होते, आणि इतकी क्षीण की एकेका दीर्घिकेची खरखर वेगळी काढणे अशक्य. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सिम काणेकर, जयराम चेंगलूर प्रभृतींनी ७,६५३ दीर्घिकांच्या खरखरींची बेरीज केली. एकाचा आवाज ऐकू न आला तरी हजारोंचा येतो. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी या दीर्घिकांत वायूचा साठा किती होता, ते त्या बेरजेतून निघाले. आणि तो अशा वेगाने खर्च होत होता की, एकदोन अब्ज वर्षांतच संपावा. विश्वात नवे तारे जन्मण्याचे प्रमाण पुढे का घटले, याचे हे एक उत्तर आहे. दूरचा हायड्रोजन पाहावयाचा, ही ही दुर्बीण बांधण्यामागची मुख्य इच्छा होती. निबंध ऑक्टोबरात छापून आला. गोविंद स्वरूप सप्टेंबरात निवर्तले होते.

एका संध्याकाळी मात्र नियंत्रणकक्षातच नाट्य घडले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेल्ली’ यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संदेश सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून थेट ऐकण्यासाठी खोडदच्या वाट्यांचे साहाय्य घेतले होते. संदेश जवळजवळ दहा मिनिटांनी येथे पोचे. पडद्यावर ती बारीक रेघ उमटली, यान वातावरणात शिरले, छत्री उघडल्याचे दिसले, आणि उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या किंचित आधी रेघ नाहीशी झाली. यान आपटले होते. युरोपातील मंडळींस ही वार्ता प्रथम जुन्नर तालुक्यातून कळली.

अशी रेघ दिसावी म्हणून जी शांतता लागते ती आता महाग होत चालली आहे. फाटकापाशी आपला मोबाइल बंद करावा लागतो. आतील संगणकांची वीजकंपने बाहेर पडू नयेत म्हणून खोल्यांस धातूचे अस्तर असते. परंतु कुंपणाबाहेर गावे आहेत. विजेच्या खांबावरचा एखादा चिनी मातीचा वाडगा तडकून ठिणगी टाकू लागला, तर संस्थेची माणसे हातात लहानसा एरियल घेऊन तो खांब हुडकीत हिंडतात. मोबाइलचे मनोरे, विमाने आणि डोक्यावरून जाणारे उपग्रह यांस तर कुंपण नाहीच. पुणे-नाशिक हा नवा लोहमार्ग नारायणगावाकडून न्यावा असा बेत होता. त्यास दुर्बिणीच्या कारणाने हरकत निघाली, आणि २०२५ पर्यंत रेल्वे खात्याने तो मार्ग बाजूस ठेवून दुसऱ्याचा विचार चालवला. त्या भागातील लोकांस याचे वाईट वाटले. आणि का वाटू नये? आपण दादरला दर तीन मिनिटांनी गाडी सुटताना पाहणारी माणसे. जुन्नरच्या शेतकऱ्याने टोमॅटोच्या गाडीची वाट पाहत बसावे आणि ती आकाशगंगेसाठी, हे त्यास सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तरीही माझे मत असे आहे की, लोहमार्गास वळण देता येते. तीस वाट्यांस ते देता येत नाही; कुलाब्याहून कल्याण, कल्याणहून उटी, उटीहून खोडद एवढी माघार घेऊन झाल्यावर इतक्या वाट्यांस पुरेल असे शांत खोरे या राज्यात पुन्हा सापडणे कठीण आहे. त्या शेतकऱ्याची गाडी दुसऱ्या वाटेने का होईना पोचवणे, हे मात्र ज्यांनी वळण दिले त्यांच्यावर ऋण राहते.

ज्यांस हे सर्व प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी फेब्रुवारीची अखेर धरावी. २८ तारखेस विज्ञानदिन असतो, आणि त्यानिमित्त खोडदला प्रदर्शन भरते; आसपासच्या खेड्यांतील शाळांची मुले आपली हातची यंत्रे घेऊन येतात आणि दुर्बिणीचे आवार सर्वांस खुले होते. मुले बरोबर न्यावीत. घाटात थंडी असते. वाटीखाली उभे राहून वर पाहिल्यास जाळीतून आकाश दिसेल. ऐकू मात्र काहीच येणार नाही.